पाणी कोठे मुरते आहे?

व्यवहारात काही खोट आहे असे वाटावे, परंतु तिच्यावर नेमके बोट ठेवता येऊ नये, अशा वेळी मराठी माणूस म्हणतो, "कोठे तरी पाणी मुरते आहे." संशयाची भावना व्यक्त करण्यासाठी आपल्या पूर्वजांनी भूमीखालच्या पाण्याचाच दाखला निवडला, हे विचार करण्याजोगे आहे. मुरलेले पाणी दिसत नाही. पण ते नाहीसेही होत नाही. ते आपली वाट काढीत राहते आणि केव्हा तरी, बहुधा दुसऱ्याच्याच विहिरीत, प्रकट होते.

वाचकहो, आज आपल्यासमोर जो प्रश्न ठेवावयाचा आहे तो या वाक्प्रचारातला नव्हे, तर अक्षरशः जमिनीखालच्या पाण्याचा आहे. आपल्या मालकीच्या जागेखालचे पाणी दूषित असावे असा आपल्याला संशय आहे. खात्री नाही. खात्री करून घेण्याचा मार्ग आहे; परंतु तो खर्चाचा आहे, आणि उत्तर नकोसे निघाले तर नुकसान आपलेच होणार आहे. अशा वेळी शोध घेणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे काय? की जे आपल्याला ठाऊकच नाही त्याबद्दल आपण निर्दोष आहोत, असे मानून स्वस्थ बसावे?

प्रश्न हवेतला राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर आणू या. बंगळूर शहराच्या आग्नेयेकडे सर्जापूर रोड जातो. कोरमंगला भागात, जेथे कॅथोलिक धर्मसभेचे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, तेथून निघून बेळ्ळंदूर तलावाच्या दक्षिणेकडून कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशी गावे ओलांडीत हा रस्ता सर्जापूरला पोहोचतो. एके काळी नाचणीची शेते असलेल्या या पट्ट्यात आज संगणक कंपन्यांची कार्यालये आणि उंच इमारती आहेत. त्यांत आपल्याकडून नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबेही राहतात. वस्ती आली, पण नळ मागे राहिला. शहरात २००७ साली सामील झालेल्या ११० गावांसाठी आखलेला कावेरी योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. तोवर या पट्ट्याची तहान भागवली ती विंधन विहिरींनी आणि टँकरने. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडू लागल्या तेव्हा येथील रहिवाशांचे हाल साऱ्या देशाने वर्तमानपत्रांतून वाचले. शेजारच्या बेळ्ळंदूर तलावात शहराचे सांडपाणी इतके साठले होते की २०१५, २०१७ आणि २०१८ या वर्षी चक्क तलावावर आग लागलेली लोकांनी पाहिली. जेथे वरचे पाणी पेटते, तेथे खालच्या पाण्याविषयी संशय येणे स्वाभाविक आहे.

आता समजा, या रस्त्यालगत आपला एक भूखंड आहे. पूर्वी तेथे भाड्याने दिलेल्या शेडमध्ये धातूच्या भागांवर क्रोमियमचा मुलामा चढवण्याचा लहानसा कारखाना होता. भाडेकरू केव्हाच निघून गेला. शेडच्या मागची माती पिवळसर आहे, तेथे गवत उगवत नाही. एक खरेदीदार दारात उभा आहे आणि किंमत चांगली देतो आहे. शेजारी खालच्या अंगाला चार घरे आहेत. त्यांची स्वतःची विहीर आहे. जाणकार सांगतो की येथे भूजलाची निरीक्षण विहीर घ्यावी आणि काय आहे ते पाहावे. घरातले वडीलधारे मात्र म्हणतात, "झाकली मूठ सव्वा लाखाची." आपण काय कराल?

संशय सांगण्याचा नियम

या प्रश्नाला पवित्र शास्त्रात उत्तर असेल असे सहसा कोणाला वाटणार नाही. परंतु लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात, जो भाग आपण वाचनातून बहुधा गाळून टाकतो, तेथे संशयित वास्तूचा संपूर्ण कायदाच दिलेला आहे. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसू लागले, तर घरधन्याने काय करावयाचे? त्याने याजकाकडे जाऊन, आपल्या घरात चट्ट्यासारखे काही तरी दिसते, एवढेच सांगावयाचे आहे. शब्द नीट पाहा. घर दूषित आहे असे त्याने सांगावयाचे नाही. तो निर्णय करण्याचा अधिकार त्याला नाही. पण दूषित नसावे असे स्वतःच ठरवून गप्प बसण्याचाही अधिकार त्याला नाही. कर्तव्य पुराव्यापासून सुरू होत नाही. ते संशयापासून सुरू होते.

पुढची पद्धतही किती विचारपूर्वक आखलेली आहे! याजक येण्यापूर्वी घर रिकामे करावयाचे, म्हणजे तपासणीमुळेच घरातल्या वस्तू अशुद्ध ठरून कुटुंबाचे नाहक नुकसान होणार नाही. मग पाहणी, मग सात दिवस घर बंद, मग पुन्हा पाहणी. चट्टा पसरला असेल तर तेवढेच दगड काढून नगराबाहेरच्या नेमलेल्या अशुद्ध जागी टाकावयाचे. कोणाच्याही शेतात नव्हे. भिंती खरवडून नवे दगड, नवा गिलावा. तरीही चट्टा परत आला तरच घर पाडावयाचे. आणि पसरला नसेल तर याजकाने घर शुद्ध आहे असे जाहीर करावयाचे. एकदाच पाहून निर्णय नाही, घाबरून विध्वंस नाही, आणि दडपादडपी तर नाहीच.

आणखी एक गोष्ट. या सर्व विधीत, हा चट्टा कोणाच्या अपराधाने आला, हा प्रश्न घरधन्याला कोठेही विचारलेला नाही. त्याच्यावर आरोप नाही. त्याच्यावर फक्त जबाबदारी आहे. आपल्या मनात या दोन गोष्टींची गल्लत होते, "मी केलेच नाही, मग मी का पाहू?" असे आपण म्हणतो. दोष ज्याने केले त्याचा. परंतु सांगण्याची जबाबदारी, ज्याच्या ताब्यात घर आहे आणि ज्याला चट्टा दिसला आहे, त्याची.

आपल्या देशाच्या कायद्यालाही हा विचार आता परका राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाविषयी नियम जाहीर केले. त्यांत संशयित स्थळ आणि दूषित स्थळ असा भेद केलेला आहे. संशयिताची आधी नोंद, मग राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून प्राथमिक आणि नंतर सविस्तर तपासणी, आणि मगच निर्णय असा क्रम आहे. मोशेच्या नियमशास्त्रातील क्रम याहून फार वेगळा नव्हता.

विहीरही खोटे बोलू शकते

समजा, आपण शोध घेण्याचे ठरविले. येथे नैतिक प्रश्न संपला आणि उरले ते तंत्रज्ञाचे काम, असे वाटेल. वस्तुतः खरा प्रश्न येथेच सुरू होतो.

पहिला मोह असा, की भूखंडावर असलेल्या जुन्या विंधन विहिरीच्या पाण्याची एक बाटली प्रयोगशाळेत पाठवावी आणि अहवाल चांगला आला की सुटकेचा श्वास टाकावा. पण बंगळूरची भूमी कशी आहे ते पाहा. वर काही मीटर माती व मुरूम, खाली ग्रॅनाइट आणि नाइस जातीचा कठीण कातळ. पाऊस असो की कारखान्याचे सांडपाणी, ते प्रथम वरच्या मुरमात उतरते. खालच्या कातळात पाणी केवळ भेगांतून हिंडते. विंधन विहीर मात्र शेकडो फूट, या भागात कित्येकदा हजार फुटांहूनही खोल जाते, आणि माती ढासळू नये म्हणून तिच्या वरच्या भागाला बंद नळी बसवलेली असते. म्हणजे विष जेथे प्रथम पोहोचते नेमका तोच थर तिने वगळलेला असतो, आणि खालच्या अनेक भेगांतले पाणी एकत्र मिसळून ती आपल्याला देते. त्या बाटलीतले पाणी खोटे नसते. पण तिला विचारलेला प्रश्नच चुकीचा असतो.

निरीक्षण विहीर म्हणून निराळी घ्यावी लागते. ती पाणी पिण्यासाठी नसते, जाणण्यासाठी असते. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा गावोगावच्या निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी वर्षानुवर्षे मोजत आली आहे, हे आपल्यापैकी शेती असणाऱ्यांना ठाऊक असेल. दूषणाचा शोध घेणारी विहीर त्याहून नाजूक काम करते. तिची जाळीदार नळी ज्या थरातले पाणी तपासावयाचे आहे त्याच थरासमोर बसवावी लागते. भोवती स्वच्छ वाळू, त्यावर फुगणाऱ्या बेंटोनाइट मातीची बूच, त्यावर सिमेंट, आणि तोंडावर कुलूप लावलेले झाकण. पेट्रोलचा संशय असेल तर जाळी पाण्याच्या पातळीशी हवी, कारण पेट्रोल तरंगते. यंत्रांचे वंगण धुण्यासाठी वापरतात तसली क्लोरीनयुक्त द्रव्ये मात्र पाण्याहून जड. ती तळाशी जाऊन बसतात. काय शोधतो आहोत ते ठरवल्याशिवाय विहीर कोठवर न्यावी हे ठरत नाही.

आता मोहाचे रूप पाहा. विहीर उताराच्या वरच्या अंगाला घेतली, तर पाणी बहुधा निर्मळ मिळेल. जाळी फार खोल बसवली, तरी तसेच. जोराच्या पावसानंतर लगेच नमुना घेतला, तर मिसळलेल्या नव्या पाण्याने आकडा खाली येऊ शकतो. यांपैकी एकही गोष्ट बेकायदेशीर असेलच असे नाही, आणि अहवालावरची सही खरी असेल. तरीही ती विहीर खोटी साक्ष देईल; कारण जेथे सापडणार नाही तेथेच आपण शोधले. म्हणून प्रामाणिकपणाची कसोटी अहवाल हाती आल्यावर लागत नाही. ती आराखडा काढताना, नकाशावर पहिला ठिपका देताना लागते. मला नको असलेले उत्तर देण्याची मोकळीक मी या विहिरीला दिली आहे काय? एवढा एकच प्रश्न त्या वेळी स्वतःला विचारावा.

विज्ञानाने आपल्या अनुभवातून जे नियम केले आहेत, त्यांचा अर्थ या दृष्टीने फार गहन आहे. भूजल कोणत्या दिशेला वाहते हे एका विहिरीवरून कळत नाही, दोहोंवरूनही निश्चित होत नाही; किमान तीन विहिरी त्रिकोणात घेऊन, एकाच पायारेषेपासून त्यांची पातळी मोजावी लागते, तेव्हा पाण्याचा उतार समजतो. कठीण कातळात भेगा वाकड्यातिकड्या असल्याने कधी तीनही पुरत नाहीत. दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी हा अनुवाद पुस्तकातील दंडक (१९:१५) येथे सहज आठवतो. वरच्या अंगाला एक विहीर घ्यावी लागते ती स्वतःला वाचवण्यासाठी नव्हे, तर न्याय व्हावा म्हणून. दूषण वरूनच येत असेल तर ते आपल्या माथी येऊ नये, आणि आपले असेल तर ते वरच्या शेजाऱ्यावर ढकलता येऊ नये. नळीत साचून राहिलेले शिळे पाणी, सामान्यतः तिच्यात मावणाऱ्या पाण्याच्या तिप्पट, उपसून टाकल्यावरच नमुना घ्यावयाचा. आणि नमुन्यांबरोबर शुद्ध पाण्याची एक बाटलीही नेऊन आणून तपासावयाची. तिच्यात दोष निघाला तर दोष जमिनीचा नव्हे, आपल्या हाताचा. भावाच्या डोळ्यातील कुसळ पाहण्याआधी स्वतःच्या डोळ्यातील मुसळ तपासण्याची ही प्रयोगशाळेतली रीत आहे.

आणखी एक सावधगिरी. निष्काळजीपणे खणलेले भोक वरच्या थरातले विष खालच्या निर्मळ थरात उतरवणारी वाट होऊन बसते. सत्याच्या शोधाने नवे नुकसान करू नये, म्हणून तर ती बूच आणि ते सिमेंट. काम संपल्यावर विहीर पूर्ण बुजवून टाकली पाहिजे. खड्डा खणून तो उघडा टाकला आणि त्यात कोणाचा बैल किंवा गाढव पडले, तर खड्ड्याच्या धन्याने भरपाई द्यावी असे निर्गम पुस्तकात (२१:३३-३४) सांगितले आहे. आपल्या देशात उघड्या विंधन विहिरींत गाढवे नव्हेत, लेकरे पडली. तेव्हा २०१० साली सर्वोच्च न्यायालयाला त्या बुजवण्याविषयी आदेश द्यावे लागले.

एक धर्मगुरू आणि एक पंप

शोधाचा आराखडा प्रामाणिक असला की माणूस कोठे पोहोचतो, याचे एक उदाहरण ख्रिस्ती सेवेच्या इतिहासात आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाकडे बोट दाखविले, आणि ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. गंमत अशी, की स्नो यांनी ते पाणी तपासले तेव्हा त्यात फारशी घाण दिसली नव्हती. बाटलीने काहीच सांगितले नव्हते. सांगितले ते मृतांच्या पत्त्यांनी.

त्याच वस्तीत सेंट ल्यूक्स चर्चचे तरुण साहाय्यक धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड काम करीत होते. स्नो यांचे म्हणणे त्यांना पटले नव्हते. नीट चौकशी केली तर ते खोटे ठरेल अशी त्यांची समजूत होती. म्हणून त्यांनी चौकशी आरंभिली. पण ती कशी? ते घराघरांत पुन्हा पुन्हा गेले. जे मेले त्यांच्याविषयीच नव्हे, तर जे वाचले त्यांच्याविषयीही, पंपाचे पाणी कोण प्याले व कोण प्याले नाही, हे त्यांनी विचारले. म्हणजे स्वतःचे मत चुकीचे ठरू शकेल अशाच रीतीने त्यांनी प्रश्न मांडला, आणि ते चुकीचे ठरले. त्यांच्याच शोधातून ४० क्रमांकाच्या घरातील एका आजारी तान्ह्या बाळाची हकीकत उजेडात आली; त्याच्या आईने लंगोट धुतलेले पाणी घराच्या शौचकुंडात टाकले होते. १८५५ मध्ये जमीन उकरून पाहिली, तेव्हा कुंडाच्या विटा निखळलेल्या आणि पंपाची विहीर तेथून तीन फुटांच्या आत असल्याचे आढळले. व्हाइटहेड यांनी आपला पराभव मोकळेपणाने मान्य केला. जो सत्याप्रमाणे वागतो तो प्रकाशाकडे येतो, असे प्रभूने निकदेमाला सांगितले. त्याचा अर्थ मला या धर्मगुरूच्या पायपिटीत दिसतो.

पौलाने दिलेली मोकळीक

येथे शास्त्र जाणणारा वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो विचारात घेतलाच पाहिजे. करिंथकरांस लिहिताना पौल म्हणतो की बाजारात जे मांस विकले जाते ते विवेकासाठी काही चौकशी न करता खा (१ करिंथ १०:२५). मग "चौकशी करू नका" असे प्रेषितच सांगत असताना आपण जमीन का उकरावी?

उत्तर त्याच उताऱ्यात आहे. मांस मूर्तीपुढे ठेवले होते की नाही, याने खाणाऱ्याचे किंवा शेजाऱ्याचे काहीच बिघडत नाही, कारण पृथ्वी प्रभूची आहे. तेथे संशय घेत बसणे हा भित्रेपणा ठरेल. पण पुढच्याच ओळींत पौल थांबतो. दुसऱ्याने येऊन सांगितले, तर त्या दुसऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. म्हणजे आपले स्वातंत्र्य शेजाऱ्याच्या हितापाशी संपते. क्रोमियम मुरलेले पाणी हे मूर्तीपुढचे मांस नव्हे. ते पिणाऱ्याच्या श्रद्धेवर अवलंबून न राहता त्याच्या शरीरात जाते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक क्रोमियम असता कामा नये. एवढी सूक्ष्म मात्रा जिभेला कळणार नाही. बाधा झालेला माणूस तक्रार करायला येईल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

तथापि पौलाच्या शब्दांत एक खरी मर्यादाही आहे, ती विसरू नये. प्रत्येक भूखंडाखाली विष आहे असे समजून प्रत्येकाने विहिरी खणाव्या, असे कोणी म्हणत नाही. आधी जागेचा इतिहास विचारावा: येथे काय होते, सांडपाणी कोठे जाई, जुनी माणसे काय सांगतात, जुने नकाशे काय दाखवतात. मग जवळच्या उथळ विहिरींचे पाणी तपासावे. या पायऱ्या स्वस्त आहेत आणि पुष्कळदा संशय येथेच फिटतो. ज्याचा संशय पायरी-पायरीने वाढत गेला त्याच्यावरच पुढच्या पायरीची जबाबदारी येते. आणि शोध संपल्यावरही शब्द जपून वापरावेत. "आढळले नाही" म्हणजे "नाही" नव्हे.

खालच्या अंगाचा शेजारी

खर्चाचा आक्षेप मात्र इतका सहज सुटत नाही. ज्या कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी त्या एका भूखंडात अडकली आहे, त्याला "सत्य सांगा" असे सांगणे सोपे, पण सत्याची किंमत तो एकटाच मोजणार असतो. मुलीचे शिक्षण, घराचे कर्ज, म्हातारपणाची सोय, सारे त्या व्यवहारावर उभे असते. हे दुःख खोटे नाही. न्यायाची बाजू अशी, की ज्याने दूषित केले त्याने भरावे हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या खटल्यात, स्पष्ट मांडले. तेथे रसायनांच्या कारखान्यांनी गावच्या विहिरी नासवल्या होत्या. तेव्हा भाडेकरूचा माग काढणे, मंडळाकडे जाणे, हे मालकाचे हक्क आहेत आणि त्याने ते बजावावेत. पण ते हक्क बजावण्यासाठीही आधी, काय झाले आहे, ते माहीत असावे लागते. जो पाहतच नाही त्याला न्यायही मागता येत नाही.

आणि खरेदीदाराचे काय? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला सामान्य काळजीने सापडू न शकणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. येथेच पळवाट दिसते: मला ठाऊकच नाही, तर मी काय सांगू? कायदा कदाचित येथे थांबेल. सदसद्विवेक थांबू शकत नाही. जाणीवपूर्वक राखलेले अज्ञान हे अज्ञान नव्हे. ते डोळ्यांवर ओढून घेतलेले कातडे आहे. ज्याला पिवळी माती दिसली आणि ज्याने केवळ उत्तराच्या भीतीने प्रश्न टाळला, त्याला उत्तर अंशतः ठाऊक होते. म्हणून तर तो भ्याला.

आणि ज्याचा या व्यवहारात कोठेच उल्लेख नाही, ज्याची सही कोणत्याही कागदावर नाही, तो तर खालच्या अंगाचा शेजारी. भूखंड विकला तरी पाणी त्याच्याकडेच वाहणार. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात धष्टपुष्ट मेंढरांना देव विचारतो की तुम्ही स्वच्छ पाणी प्यालात एवढे पुरे झाले नाही काय, उरलेले पायांनी गढूळ का करता? माझ्या कळपाने तुमच्या पायांनी गढूळ झालेले प्यावे काय? भोपाळ येथे १९८४ च्या वायुकांडाचे स्मरण सारे जग करते. परंतु युनियन कार्बाइडच्या आवाराबाहेरच्या वस्त्यांतील भूजलाचा प्रश्न वेगळाच होता. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथे शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश दिला, आणि आवारातला साठवलेला सुमारे ३३७ टन कचरा हलवून जाळण्यास २०२५ साल उजाडले. मधल्या काळात हातपंप चालूच होते.

सर्जापूर रोडनेच या बाबतीत एक उलट वाटही दाखविली आहे, हे सांगितले पाहिजे. पुण्याची अक्वाडॅम ही भूजलशास्त्राची संस्था, बंगळूरची बायोम आणि विप्रो यांनी या भागात रहिवाशांच्या सहभागाने भूजल समजून घेण्याचे काम केले. आपली विहीर किती खोल, तिला पाणी किती, ती केव्हा आटली, या गोष्टी कुटुंबे आणि वसाहती सहसा कोणाला सांगत नाहीत. त्या सांगितल्या गेल्या तेव्हा जमिनीखालचे चित्र दिसू लागले. रेनबो ड्राइव्ह या वसाहतीने तर खासगी विंधन विहिरींना बंदी घालून पावसाचे पाणी भूमीत मुरवण्याच्या विहिरी खणल्या. भूजल कोणाच्या सात-बाराच्या रेषा पाळत नाही, हे ज्यांना कळले त्यांनी गुपिते उघडी केली.

आपल्या मंडळ्यांची आवारे

शेवटी, वाचकहो, हा प्रश्न आपल्या दाराशीही आणला पाहिजे. देशभर आपल्या मंडळ्यांच्या आणि संस्थांच्या ताब्यात जुनी मिशन आवारे आहेत. त्यांत कोठे छापखाना होता, कोठे औद्योगिक शाळेची कार्यशाळा, कोठे दवाखाना; काही जागा पुढे गॅरेजला, काही पेट्रोल पंपाला भाड्याने गेल्या. त्यांपैकी काही आज विकल्या जात आहेत, आणि विक्रीच्या ठरावांत किंमत, वाटा व कमिटीचे अधिकार यांवर तासन्‌तास चर्चा होते. या जागेखाली काय मुरले आहे आणि ते कोणाकडे वाहते आहे, हा प्रश्न किती सभांत विचारला जातो? पुढल्या वेळी तो विचारणारा सभासद आपण व्हा. जागेचा इतिहास इतिवृत्तात लिहून घ्या. संशयाला जागा असेल तर तपासणी विक्रीच्या आधी व्हावी, तिचा आराखडा जाणकाराने करावा, आणि अहवाल, कसाही असो, घेणाऱ्याला व खालच्या अंगाच्या शेजाऱ्यांना दाखवावा, एवढा ठराव मांडा. किंमत कमी येईल, येऊ द्या. "आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार," असे आपण म्हणतो. जे सत्य आपण व्यवहारात ठेवले नाही, ते व्यासपीठावरून कोठून येणार?

यरीहोच्या रहिवाशांनी अलीशाला सांगितलेली गोष्ट दुसऱ्या राजे पुस्तकात (२:१९-२२) आहे. नगर मोक्याच्या जागी आहे, ते म्हणाले, पण पाणी वाईट आहे. स्वतःच्या नगराची ही उणीव त्यांनी एका पाहुण्या मनुष्याला उघडपणे सांगितली. जागेची तारीफ करून ते थांबले नाहीत. मग अलीशा वाड्यांतल्या घागरींकडे गेला नाही. तो पाण्याच्या उगमापाशी गेला, आणि तेथे पाणी बरे झाले. बरे करणारा देव होता. परंतु पाणी वाईट आहे हे वाक्य मात्र नगरच्या लोकांनाच उच्चारावे लागले. ते देवानेही त्यांच्या वतीने उच्चारले नाही.